खेळातले किल्ले

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून महाराष्ट्रातील अशा व्यासपीठांवर राज्यकारभार, अर्थकारण, धर्म, समाजसुधारणा असे भारदस्त विषय येत आले आहेत. त्या पंगतीत खेळण्यांचे पान मांडावे की नाही, अशी शंका कोणासही येईल. आणि खेळण्यांविषयी बोलणारा मनुष्य चाळिशी उलटलेला असेल तर शंकेबरोबर थोडे हसूही येईल. ते हसू आम्हांला परिचयाचे आहे. जुन्या खेळण्यांत जीव अडकलेल्या प्रौढ माणसांपैकी आम्ही आहोत. मातीचा किल्ला असो की परदेशी प्लॅस्टिकच्या विटांचा, तो रचताना आम्हांला वेळेचे भान राहत नाही. आणि 'पूर्वीच्या किल्ल्यांची गंमत आता राहिली नाही' हे वाक्य आम्ही एकमेकांना दरवर्षी ऐकवत असतो.

हे वाक्य खरे आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत. गतकाळाची ओढ हा साक्षीदार मोठा गोड बोलणारा असतो आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी अधिक कसोशीने करावी लागते. आम्हांला हवे आहेत ते जुने खेळ, की त्या वेळचे आमचे वय? खेळातून काही खरोखरच हरवले असेल तर ते नेमके काय, आणि ते परत आणता येण्याजोगे आहे काय? इतिहासाला हे प्रश्न विचारता येतात आणि तो त्यांची उत्तरेही देतो.

रचनेच्या खेळण्यांचा आधुनिक इतिहास लिव्हरपूल शहरापासून सांगण्याचा प्रघात आहे. तेथील फ्रँक हॉर्नबी नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या आणि १९०१ साली त्यांचे पेटंट घेतले. पट्ट्या, चाके आणि नट-बोल्ट यांची ही पेटी १९०७ पासून 'मेकॅनो' या नावाने विकली जाऊ लागली. मुलांनी पूल, यारी, घड्याळे बांधावीत हा मूळ हेतू. पण १९३४ साली मँचेस्टर येथे डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी याच भागांचा मोठा वापर करून कठीण गणिती समीकरणे सोडवणारे यंत्र उभे केले. खेळणे आणि अवजार यांच्यामधली भिंत किती पातळ असते, याचा याहून चांगला दाखला आम्हांला ठाऊक नाही. मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद झाला. त्याच्या चाहत्यांची मंडळे मात्र बंद झाली नाहीत. कारखान्यापेक्षा छंद अधिक टिकाऊ ठरला.

त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळण्याचा सुवर्णकाळ सुरू झाला होता. डेन्मार्कमधील बिलुंड या लहानशा गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन नावाचा सुतार होता. मंदीच्या दिवसांत घरबांधणीची कामे मिळेनात, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्याने 'लेगो' हे नाव बनवले. १९४९ साली प्लॅस्टिकच्या विटा आल्या. त्यांची मूळ कल्पना इंग्लंडमधील हिलरी पेज यांच्या विटांवरून घेतलेली होती. पण त्या विटा एकमेकींत घट्ट बसत नसत. वरती गोल उंचवटे आणि पोटात पोकळ नळ्या, अशी जोडणी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी नोंदवली गेली आणि हा दोष गेला. त्या वर्षीची वीट आज निघालेल्या विटेवर बरोबर बसते. साठ वर्षांहून अधिक काळ आपल्या पूर्वजांशी असे नाते राखणाऱ्या वस्तू जगात फार नसतील. आठ उंचवट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा एक्क्याण्णव कोटींहून अधिक प्रकारांनी जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजून ठेवले आहे.

आमच्यासारखे लोक ज्या जुन्या मालिकांच्या आठवणी काढतात, त्या १९७८ सालापासूनच्या. त्या वर्षी हातपाय हलवता येणारी, पिवळ्या चेहऱ्याची छोटी माणसे विटांच्या जोडीला आली आणि त्यांच्याभोवती नगर, अंतराळ व किल्ला अशी तीन जगे रचली गेली. पहिला किल्ला चक्क पिवळ्या रंगाचा होता. राखी रंगाच्या विटा मुबलक दिल्या तर मुले त्यांतून रणगाडे बांधतील, अशी धास्ती कंपनीच्या चालकांना होती असे सांगतात. १९८४ साली राखी तटाचे किल्ले आले, १९८७ साली रानात लपणारे धनुर्धारी आले, १९८९ साली चाचे आणि त्यांची जहाजे आली. चाचे येईपर्यंत त्या साऱ्या माणसांचा चेहरा एकच होता: दोन ठिपके आणि एक स्मितरेषा. राजा तोच, शिपाई तोच, चोरही तोच. कोण सज्जन आणि कोण दुर्जन, हे मुलाने ठरवायचे. पुढे चेहऱ्यांवर दाढ्या, व्रण आणि राग आले. १९९९ पासून चित्रपटांतील पात्रे आली आणि त्यांच्याबरोबर चित्रपटांतील कथाही आली. गोष्ट आता पेटीतूनच तयार होऊन येऊ लागली.

येथे आमच्या साक्षीदाराला पहिला उलट प्रश्न विचारला पाहिजे. १९७८ च्या पिवळ्या किल्ल्याशी खेळलेल्या माणसाला तो किल्ला सर्वश्रेष्ठ वाटतो. १९८९ साली नऊ वर्षांचा असलेल्यास चाच्यांचे जहाज सर्वश्रेष्ठ वाटते. आणि १९९९ साली नऊ वर्षांच्या असलेल्या माणसाला चित्रपटांवरच्याच पेट्यांची हुरहुर लागते. प्रत्येकाचा सुवर्णकाळ त्याच्या वयाच्या आठव्या वर्षी सुरू होऊन बाराव्या वर्षी संपतो. एवढ्यावरून पाहिले तर आमची सारी तक्रार वयाच्या खाती जमा करून प्रकरण मिटवता येईल.

पण ते तितके सोपे नाही. १९९० नंतरच्या काळात या कंपनीने एकेका पेटीसाठी खास आणि दुसरीकडे क्वचितच उपयोगी पडणारे भाग काढण्याचा सपाटा लावला. सुट्या भागांचे प्रकार थोड्या वर्षांत दुपटीच्या आसपास गेले, खर्च फुगला आणि २००३-०४ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेताला आली. नव्या चालकांनी तिला सावरले, त्या उपायांतील एक प्रमुख उपाय म्हणजे भागांचे प्रकार निम्म्यावर आणणे आणि पुन्हा साध्या विटेकडे वळणे. थोडे प्रकार आणि पुष्कळ जोडण्या हे जुने सूत्र केवळ म्हाताऱ्यांचे कौतुक नव्हते. ते त्या खेळाचे व्याकरणच होते, ही गोष्ट हिशेबाच्या वह्यांनी सिद्ध केली. २०२२ साली कंपनीला नव्वद वर्षे झाली, तेव्हा जुन्या सिंहध्वजी सरदारांचा किल्ला साडेचार हजार भागांत नव्याने निघाला. तो प्रौढांसाठी होता, आणि किंमतही प्रौढांच्याच खिशाला विचार करायला लावणारी होती. येथे हुरहुर हाच एक व्यापार झाला. न उघडलेल्या जुन्या पेट्या गुंतवणूक म्हणून कपाटात ठेवणारेही आता निघाले आहेत. ज्या खेळण्याचा सारा अर्थ उघडण्यात आणि जोडण्यात आहे, ते बंद ठेवूनच मौल्यवान व्हावे, ही गतकाळाच्या ओढीची विकृती होय.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्राजवळ रचनेचा एक खेळ असा आहे की ज्याला कारखाना नाही, पेटी नाही, पेटंट नाही आणि सूचनांचे पुस्तकही नाही. तो खेळ म्हणजे दिवाळीचा किल्ला. सहामाही परीक्षा आटोपली की दगड, विटांचे तुकडे आणि माती गोळा व्हायची. चिखलात बुडवलेले पोते दगडांवर पसरले की डोंगराचा उतार तयार व्हायचा. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत रान उगवायचे. गेरूने तट रंगायचा, सलाइनच्या नळीतून कारंजे उडायचे. सिंहासनावर शिवाजी महाराज, पायऱ्यांवर मावळे, गुहेत वाघ आणि पायथ्याशी गवळण, भाजीवाली नि पाटीवाली. मावळा गुडघ्याएवढ्या तटापलीकडून पाहतो आहे आणि वाघ मावळ्याच्या दुप्पट आहे, याचे कोणालाही वैषम्य वाटत नसे. आणि हे सारे मावळे एकाच साच्यातून निघालेले, एकाच चेहऱ्याचे! डेन्मार्कच्या सुताराच्या वारसांना १९७८ साली जे सुचले, ते आमच्या कुंभारांना न सांगता ठाऊक होते. साधा चेहरा मुलाच्या कल्पनेला जागा देतो.

या खेळाचेही आपले विषय होते. कोणी रायगड करी, कोणी प्रतापगड, कोणी सिंहगड. घमेल्यात पाणी भरून त्यात जंजिरा किंवा सिंधुदुर्ग उभारणारा गल्लीतील अभियंता मानला जाई. हाताने किल्ला करणाऱ्या मुलाला काही गोष्टी पुस्तकाआधीच कळत. डोंगराचा माथा तो बालेकिल्ला आणि त्याच्या खालची सपाटी ती माची, हे त्याला चिखल सांगे. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या का, हे तीन हात तीन दिशांना पसरून पाहिल्यावर उमगे. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कवेत दडवलेला आहे. शत्रूला तो समोरून दिसत नाही आणि हत्तीला धडक देण्यासाठी धावायला जागा मिळत नाही. बहुतेक मुले पहिल्या वर्षी सरळ पायऱ्या थेट दरवाज्याशी नेत. मग कोणी जाणता काका म्हणे, 'अरे, असा दरवाजा ठेवलास तर शत्रू जेवायलाच येईल!' दुसऱ्या वर्षी वाट वळे. दुर्गशास्त्राचा हा धडा घेण्यासाठी कोणाला फी भरावी लागत नसे.

या किल्ल्यांविषयीही प्रौढांची तक्रार आहेच. मातीचे मावळे जाऊन प्लॅस्टरचे आले; पुढे सबंध किल्लाच तयार मिळू लागला. तो घरी आणून टेबलावर ठेवला की झाले. तक्रार खोटी नाही. पण दोष मुलांच्या माथी मारण्याआधी आपण आपल्या शहराकडे पाहावे.

मीरा-भाईंदर हा मुळात मिठागरांचा, भातशेतीचा आणि कोळीवाड्यांचा मुलूख. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे वाढली, त्यांना छप्पर मिळाले, ही काही लहान गोष्ट नव्हे. मुंबईच्या चाळीतल्या एका खोलीतून येथे दोन खोल्यांत आलेल्या कुटुंबाचे सुख आम्ही कमी लेखणार नाही. परंतु या बदलात अंगण गेले. सोसायटीच्या आवारात फरशी आली, फरशीवर मोटारी आल्या आणि चिखल हा गुन्हा ठरला. मातीच आता गोणीत भरून विकत आणावी लागते. सातव्या मजल्यावरच्या मुलाने किल्ला कोठे करावा? त्याने प्लॅस्टिकच्या विटा हाती घेतल्या, तर त्याने परंपरा सोडली असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हीच त्याच्या पायाखालची माती काढून घेतली आहे. त्यातही परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ साली सत्तर टक्क्यांवर गेले. देशी कारागिरास त्याने आधार मिळावा हे योग्यच. पण चांगल्या विटांची पेटी त्यामुळे सामान्य घराच्या आवाक्यापासून आणखी दूर गेली, हेही खरे. म्हणजे मातीला जागा नाही आणि विटांना पैसा नाही, अशी मधल्या मुलांची स्थिती झाली.

आता उलटतपासणीचा शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत अडचणीचा प्रश्न. ज्या जुन्या किल्ल्यांची आम्ही एवढी हळहळ करतो, त्यांत आमच्या स्वतःच्या गावचा किल्ला कधी होता काय? भाईंदरच्या आणि मीरा रोडच्या आवारांत आम्ही रायगड पाहिले, प्रतापगड पाहिले. घोडबंदरचा किल्ला केलेला मात्र पाहिल्याचे आठवत नाही. आणि तो तर महापालिकेच्या हद्दीत, उल्हास नदीच्या खाडीवर उभा आहे.

ज्या खाडीवरून आपली आगगाडी रोज धडधडत जाते, तिच्या दोन्ही तीरांवर अठराव्या शतकातील एक मोठे युद्ध झाले. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढे दोनशे वर्षे हा प्रदेश त्यांच्या ताब्यात राहिला. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टीवर स्वारी केली. ठाणे पडले, घोडबंदरही त्याच वर्षी मराठ्यांकडे आले. पण वसई पडेना. तिचा जीव समुद्रावर होता. जहाजे येत राहिली तर वेढ्याला अर्थ नव्हता. म्हणूनच खाडीच्या मुखाशी, वसईच्या समोर असलेल्या धारावीच्या टेकडीला महत्त्व आले. आज उत्तनजवळ चौक येथे चिमाजी आप्पांचा पुतळा आहे, ती ही जागा. येथे तोफ चढवली की खाडीतले जहाज टप्प्यात येते. या टेकडीसाठी दोन्ही पक्ष झुंजले आणि १७३९ च्या आरंभी ती मराठ्यांच्या हाती पक्की आली. त्यानंतर वसईच्या तटाखाली सुरुंग खणले गेले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. शरण आलेल्यांना आपल्या कुटुंबांसह सन्मानाने जाऊ देण्यात आले, ही गोष्टही या विजयाबरोबर सांगितली पाहिजे.

हा किल्ला चिखलात करायला घेतला तर रायगडाहून वेगळे धडे मिळतात. सह्याद्रीतला बुरूज गोल असतो, कारण डोंगराचा कडा हाच तेथे खरा तट. बुरुजाने फक्त त्याची राखण करायची. वसई सपाटीवर आहे, तेथे कडा नाही. म्हणून पोर्तुगीजांनी युरोपातील नव्या पद्धतीचे, बाणाच्या टोकासारखे कोनी बुरूज बांधले. एका बुरुजावरच्या तोफेने शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याचा प्रत्येक हात झाडून काढता यावा, अशी त्यांची मांडणी. गोल बुरुजाच्या पुढ्यात तोफेला न दिसणारी थोडी जागा उरते, कोनी बुरुजापुढे ती उरत नाही. शंभर शब्दांत सांगूनही न पटणारी ही गोष्ट चार विटा आणि दोन काड्या घेतल्या तर दहा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत कळते. आणि मग अशा बुरुजाला सुरुंगानेच का पाडावे लागले, हेही त्याला आपोआप सुचते.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्गापासून तमिळनाडूतील जिंजीपर्यंतचे हे किल्ले आहेत. त्याचा आनंद महाराष्ट्रात घरोघरी झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या यादीत घोडबंदर नाही, धारावी नाही, वसईही नाही. जागतिक यादीत नसलेल्या किल्ल्यांचे रक्षण कोण करणार? ज्यांच्या दारात ते आहेत, त्यांनीच. आणि मनुष्य ज्याला कधी हात लावलेला नाही, ज्याचा आकार त्याच्या बोटांना ठाऊक नाही, त्या वास्तूसाठी तो क्वचितच उठतो.

तेव्हा साक्षीदाराचा निकाल असा. 'पूर्वीची गंमत राहिली नाही' या वाक्यातील निम्मा भाग आमच्या वयाचा आहे. तो आम्ही सोडून द्यावा. मावळा प्लॅस्टरचा की मातीचा, वीट १९७८ ची की आजची, यावर मुलांना व्याख्याने देऊ नयेत. उरलेला निम्मा भाग मात्र खरा आहे. थोड्या साध्या वस्तू, मोकळी जागा, आणि गोष्ट आपली आपण रचण्याची मुभा या तीन गोष्टी जुन्या खेळांत होत्या आणि त्या कमी झाल्या आहेत. त्या परत आणणे कोणत्याही कंपनीच्या हाती नाही. तयार किल्ला विकत घेऊन त्या येत नाहीत आणि साडेचार हजार भागांची पेटी कपाटात ठेवूनही येत नाहीत.

प्रत्येक सोसायटीने दिवाळीच्या पंधरा दिवसांपुरती दोन मोटारींची जागा मुलांना द्यावी आणि एक गाडीभर माती आणून टाकावी. ज्या प्रौढांच्या माळ्यावर जुन्या विटांचे डबे पडून आहेत, त्यांनी ते खाली उतरवावेत. मातीच्या तटावर प्लॅस्टिकचा दरवाजा बसला तर शिवकालाचा अवमान होत नाही. स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी रायगडाबरोबर घोडबंदरलाही एक बक्षीस ठेवावे. आणि किल्ला करण्याआधी एका रविवारी मुलांना चौकच्या टेकडीवर नेऊन, समोरचे पाणी दाखवून विचारावे, 'तू असतास तर तोफ कोठे ठेवली असतीस?' मुले वाद घालतील, एकमेकांचे ऐकणार नाहीत आणि बहुधा आम्हांला सुचली नाही अशी एखादी जागा दाखवतील. दाखवू द्यावी. तुळशीच्या लग्नानंतर तो किल्ला मोडला जाईल. मातीचा किल्ला मोडण्यासाठीच असतो, कारण पुढच्या वर्षी तो पुन्हा, आणि थोडा अधिक शहाणपणाने, बांधायचा असतो.